ठाण्याच्या सायडिंगवरचं गवत

कल्याणच्या सराफाने हुंडी उचलली, खालची सही पाहिली आणि ती माझ्यापुढे परत ठेवली. मला वाटलं, काही लिहायचं राहून गेलं असेल.

"काय चुकलंय?" मी विचारलं.

"हुंडीत काही चुकलेलं नाही. पण या सहीवर आता मुंबईत कोणी पैसा देत नाही. शेठनं सगळ्यांचेच पैसे अडवलेत. तुम्हाला कळलं नाही?"

मला कळलं नव्हतं. सराफ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी हुंडी घडी करून खिशात घातली. 

मी तेव्हा पंचविशीच्या पुढे-मागे असेन. मराठी शाळेतली मास्तरकी सोडून गवताच्या धंद्यात पडलो त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. सरकारी पगार सोडून ब्राह्मणाचा मुलगा गवत विकतो, हे त्यांना चारचौघांत सांगायची लाज वाटे. पण धंदा वाईट नव्हता. मुंबईच्या ट्रामगाड्या त्या काळी घोडे ओढत. शिवाय बग्ग्या, व्हिक्टोरिया, साहेबलोकांच्या शर्यतीचे घोडे. एवढ्या घोड्यांचं पोट मुंबईच्या बेटावर भरणार कुठून? गवत आमच्याकडून जायचं. दसऱ्यानंतर कापणी सुरू व्हायची, वाळवलेलं गवत लाकडी दाबाखाली घालून त्याचे गठ्ठे बांधायचे, आणि बैलगाड्यांतून कल्याणच्या मालधक्क्यावर न्यायचे.

माझा भागीदार कोपरचा पाटील होता. आगरी माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घरची मिठागरं होती. पुढे त्याने खाडीकाठची सगळी माळजमीन गवतासाठी राखून ठेवली. गवत त्याचं, कापणीची माणसं त्याची. पत्रव्यवहार, हिशेब आणि मुंबईच्या खेपा माझ्याकडे. मी शाळा सोडली तरी तो मला 'मास्तर'च म्हणे.

ज्या शेठची हुंडी परत आली तो मुंबईतला मोठा पुरवठेदार. आदल्या वर्षी त्याने पै-पै चोख दिली होती. म्हणून या वर्षी आम्ही सगळा माल त्यालाच द्यायचं ठरवलं. पहिला माल त्याच्या वखारीत पोचला होता, त्याच्याच किमतीची ही हुंडी. दुसरा माल नुकताच कल्याणहून चार वाघिणींत, म्हणजे मालगाडीच्या डब्यांत, चढवला होता, आणि त्याची रेल्वेची पावती मी रिवाजाप्रमाणे टपालाने शेठकडे पाठवली होती. तिसरा माल कोपरला पाटलाच्या खळ्यात गंज्या करून उभा होता.

सराफाकडून निघालो तो तडक मालधक्क्यावर गेलो. तिथला कारकून ओळखीचा होता. त्याने वही काढून पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या वाघिणी मुंबईला पोचल्याच नाहीत. तिकडे धक्क्यावर जागा नाही. ठाण्याच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, काढून ठेवल्यात."

मला एकदम धीर आला. माल अजून शेठच्या हाती गेलेला नव्हता! मी तिथूनच एका गाडीवानाबरोबर कोपरला निरोप धाडला. दुपारी पाटील डोक्याचं मुंडासं काखेत मारून घामाघूम होऊन कल्याणला आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो मुंडाशाने घाम पुसत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, गवत ठाण्याला हाय ना? मंग चला, आनू."

"असं कसं आणता येईल? रेल्वेच्या ताब्यात आहे."

"रेलवेनं इकत घेतलाय का आपला गवत?"

 संध्याकाळच्या गाडीने आम्ही ठाण्याला गेलो.

टेंभी नाक्याजवळ माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक वकील राहात. जिल्हा कोर्टात त्यांचं नाव होतं. आम्ही गेलो तेव्हा ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला. त्यांनी आतून कराराच्या कायद्याचं पुस्तक मागवलं आणि हवं ते पान उघडून आम्हाला मराठीत समजावून सांगू लागले.

"विकणाऱ्याला पुरते पैसे मिळालेले नाहीत आणि घेणाऱ्याचं दिवाळं निघालं, तर माल वाटेत असेपर्यंत विकणाऱ्याला तो थांबवता येतो. तुमचा माल वाटेत आहे. शेठनं देणी थांबवलीत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं दिवाळं निघालं. त्यासाठी कोर्टाचा शिक्का लागत नाही. तुमची बाजू अगदी स्वच्छ आहे."

"म्हंजे गवत आमचा," पाटील म्हणाला.

"तसं नाही. मालकी गेली ती गेली. तुम्ही फक्त थांबवायचं आणि पैसे मिळेपर्यंत धरून ठेवायचं. वाजवी मुदतीची नोटीस देऊनही त्यानं पैसे दिले नाहीत, तर दुसऱ्याला विकायचं."

"आमचा नाय, पन आमी धरायचा, नि आमीच इकायचा?"

"बरोबर."

पाटलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला तरी नीट कुठे कळलं होतं?

"आनि थांबवायचा कसा?" त्याने विचारलं.

"दोन रीती आहेत. एक, माल स्वतः जाऊन ताब्यात घ्यायचा. दुसरी, ज्याच्या ताब्यात माल आहे त्याला नोटीस द्यायची. नोटीस मी उद्या सकाळी लिहून देतो. ती स्टेशनमास्तरांच्या हातात द्या आणि नकलेवर त्यांची सही घ्या."

मी नोटिशीविषयी आणखी काही विचारत होतो. पाटील मात्र पहिली रीत ऐकून तृप्त झाला होता, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

सकाळी नोटीस घेऊन मी स्टेशनावर पोचलो तर सायडिंगपाशी घोळका जमला होता. आमच्या चार वाघिणी एका ओळीत उभ्या होत्या, आणि पहिल्या वाघिणीवरची ताडपत्री अर्धी बाजूला सारून, गठ्ठ्यांवर मांडी घालून पाटील बसला होता. खाली दोन हमाल, एक पोलीस शिपाई आणि स्टेशनमास्तर. स्टेशनमास्तरांचा आवाज टिपेला पोचला होता.

"खाली उतर! रेल्वेच्या मालावर चढणं गुन्हा आहे!"

"साहेब, वकिलानं सांगलाय," पाटील वरून शांतपणे म्हणाला. "कायद्यात लिवलाय. मी ताब्यात घेतलाय."

मी धावत पुढे झालो, स्टेशनमास्तरांना नमस्कार केला आणि नोटीस त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "शेठचं दिवाळं निघालं, याला दाखला काय?"

"त्याची हुंडी परत आली आहे. ही पाहा."

"हुंडी रोज कोणाची तरी परत येते. कोर्टाचा कागद आणा."

"कायद्याला कोर्टाचा कागद लागत नाही."

"मला लागतो," ते म्हणाले.

वकिलांच्या ओटीवर जे इतकं स्वच्छ होतं, ते इथे उघड्यावर पंधरा-वीस माणसांसमोर एकाएकी असं गढूळ झालं. मी कलम सांगितलं, वकिलांचं नाव सांगितलं, ते पुस्तक आणून दाखवतो म्हणालो. शेवटी स्टेशनमास्तरांनी वैतागून नकलेवर 'मिळाली' एवढंच लिहून सही केली आणि म्हणाले, "नोटीस मी मुंबईच्या कचेरीत पाठवतो. तिकडून हुकूम येईपर्यंत माल हलणार नाही. आता या माणसाला उतरवा, नाहीतर शिपायाबरोबर पाठवतो."

पाटील उतरला. सगळ्या अंगाला गवत चिकटलेलं. "थांबला ना?" त्याने विचारलं.

"थांबला," मी म्हणालो. मला वाटलं, जिंकलो आपण.

त्याच दिवशी दुपारी तो म्हातारा आला.

ठाण्यात त्याचा टांग्यांचा तबेला होता. कोर्टात येणारी निम्मी माणसं त्याच्याच टांग्यांतून हिंडत. दाढी पांढरी, बोलणं कोकणी मुसलमानांचं, म्हणजे आपल्याच मराठीसारखं, फक्त हेल वेगळा. सगळे त्याला चाचा म्हणत. तो स्टेशनमास्तरांच्या खोलीत आला आणि त्याने टेबलावर कागद ठेवला. मी कागद लांबूनच ओळखला. मी टपालाने धाडलेली रेल्वेची पावती ती. तिच्या पाठीवर शेठने लिहून दिलं होतं की, माल यांना द्यावा.

"चार दिवस झाले, मुंबईला जाऊन रोख पैसे मोजले," चाचा म्हणाला. "शेठ बोलला, माल ठाण्यालाच उभा आहे, तुमच्या दारात. मुंबईपर्यंत जायला पण नको. भाव पण कमी लावला. मला काय ठाऊक, बुडणारा माणूस भाव कमी लावतो ते."

स्टेशनमास्तरांनी एका हातात माझी नोटीस घेतली, दुसऱ्या हातात चाचाची पावती. "आता कोणाला देऊ ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला तरी त्या क्षणी त्यांना दोष देता येईना.

मी पुन्हा वकिलांकडे गेलो. पावतीचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण डोळ्यांतली चमक काही गेली नाही. "नुसता विकला असता तर तुमचा हक्क गेला नसता. पण मालकीचा कागद दुसऱ्याला लिहून दिला, त्यानं प्रामाणिकपणे घेतला आणि किंमत मोजली, तर तुमचा थांबवण्याचा हक्क संपतो."

"म्हणजे गेलंच."

"छे! जहाजाच्या पावतीचं तसं आहे. रेल्वेची पावती हा मालकीचा कागद आहे की नाही, हा खरा प्रश्न. यावर उत्तम वाद घालता येईल. मला विचाराल तर आपण जिंकू. खालच्या कोर्टात नाही, तर वरच्या."

"किती काळ लागेल?"

"ते कसं सांगणार?"

"आणि तोवर गवत?"

त्यांनी पुस्तक मिटलं. गवताचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

खाली पाटील वाट पाहात होता. त्याला मी जे सांगितलं ते ऐकून तो रस्त्यातच थांबला. "मास्तर, काल बोलला आपली बाजू चांगली. आज बोलतो त्याची बी चांगली. मंग वाईट बाजू कनाची?"

"शेठची."

"तो कुठं हाय?"

तो मुंबईत घरी होता. दिवाळखोरांच्या कोर्टाने त्याला संरक्षण दिलं होतं. त्याच्या अंगाला कोणी हात लावू शकत नव्हतं. ज्या दोघांना एकमेकांविरुद्ध लढायचं होतं त्या दोघांना त्याने लुबाडलेलं होतं आणि तो त्या भांडणात कुठेच नव्हता. मला त्या वेळी याचाच सगळ्यात जास्त संताप आला. आजही आठवलं की येतो.

पुढचे काही दिवस मी ठाण्यालाच एका नातलगाकडे राहिलो. मुंबईच्या कचेरीतून उत्तर आलं ते असं: दोन पक्ष एकाच मालावर हक्क सांगत असल्याने कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय माल कोणालाही देऊ नये, आणि मुदतीनंतर वाघिणी अडवल्याबद्दल रोजचं डॅमरेज, म्हणजे दंडाचं भाडं, मालावर चढेल. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा पाटील म्हणाला, "आपल्याला देत नाय, त्याला देत नाय, आनि भाडा बी आपल्यालाच लावतात?"

सायडिंगच्या कुंपणापलीकडून गावात जायची वाट होती. ठाण्याच्या सगळ्या शेळ्या-म्हशींना बहुधा त्या वाघिणींचा पत्ता लागला असावा. येणारा-जाणारा माणूस ताडपत्रीखालून मूठभर गवत उपसून घेई. टांगेवाले घोडा उभा करून खुशाल दोन पेंढ्या ओढत. मी स्टेशनमास्तरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "गवत मालकाच्या जबाबदारीवर जातं. पावतीवर छापलंय." मी म्हणालो, "मग मालक कोण ते तरी ठरवा." ते खिडकी लावून आत गेले. पाटील दिवसभर काठी घेऊन फिरायचा, पण एका बाजूला हाकललं की दुसऱ्या बाजूला कोणीतरी आलेलंच असे. वरून थंडीचे दिवस. पहाटेच्या दवाने कडेचे गठ्ठे काळे पडू लागले होते.

एके सकाळी मी वकिलांनी मागितलेले कागद घेऊन सायडिंगवर आलो तर पाटील आणि चाचा रुळांच्या कडेला एका ओंडक्यावर बसून बोलत होते. मला पाहून पाटील म्हणाला, "मास्तर, झाला. दोन वाघिनी चाचाच्या, दोन आपल्या."

मी भडकलोच. "वकील म्हणतात आपण जिंकू, आणि तुम्ही निम्मं गवत देऊन टाकता?"

"जिकू तवा गवताचा खत झाला असंल."

"पण हक्क..."

"बाळा," चाचा मला म्हणाला, "मला पण एका वकिलानं सांगितलंय, तू जिंकशील. घोडे उपाशी आहेत माझे. आज चारा उसना आणलाय."

मी थोडा वेळ वाद घातला. खरं सांगायचं तर तडजोड वाजवी होती, पण माझ्या मनात ते पुस्तकातलं स्वच्छ वाक्य घर करून बसलं होतं. शेवटी मी मान्य केलं. तिघे मिळून वकिलांकडे गेलो. त्यांनी नाराजीने का होईना, पण संमतिपत्र लिहून दिलं. पाटलाने अंगठा उमटवला, मी आणि चाचाने सह्या केल्या, आणि तो कागद आम्ही जवळजवळ आनंदाने स्टेशनमास्तरांपुढे ठेवला. भांडणच मिटलं, आता हुकूम कशाला हवा?

त्यांनी कागद मुंबईला पाठवला. उत्तर यायला आठवड्याहून अधिक काळ गेला. उत्तर होतं: शेठची सर्व मालमत्ता दिवाळखोरीच्या कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेली आहे, वादग्रस्त मालावर त्यांचाही हक्क असू शकतो, तरी त्यांची लेखी संमती आणावी.

मी मुंबईला गेलो. त्या कचेरीत तीन वेळा खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा साहेब होते, पण अर्ज इंग्रजीत हवा होता. तिसऱ्यांदा इंग्रजी अर्ज दिला तेव्हा तिथल्या हेडक्लार्कने तो घेतला आणि म्हणाला, "यादीत तुमचं नाव धनको म्हणून आहेच. मग हे वेगळं काय मागता?"

"हा माल शेठच्या हाती गेलाच नाही. आम्ही तो वाटेत थांबवला आहे. तो त्याच्या मालमत्तेत येतच नाही."

"हे तुम्ही म्हणता," तो म्हणाला. त्याचा सूर उद्धट नव्हता. त्याच्यापुढे माझ्यासारखे रोज पन्नास येत असतील. पण जिना उतरताना मला वाटलं, एवढा हक्क हाताशी असून मी भिकाऱ्यासारखा दारोदार हिंडतोय, आणि ज्याने बुडवलं तो घरात बसून जेवतोय.

याच सुमारास कोपरला मात्र एक प्रकार घडला. शेठच्या मुनीमाने दोन होड्या खाडीतून पाटलाच्या खळ्याशी लावल्या. तिसरा माल आमचा, सौदा झालेला आहे, तो उचलायला आलोय, असं त्याचं म्हणणं. मी नेमका मुंबईहून कोपरला आलो होतो म्हणून तिथे हजर होतो. मी त्याला कायदा सांगायला तोंड उघडलं होतं, तोवर पाटील गंजीपुढे जाऊन उभा राहिला.

"पैसं आनलं?"

"पैसे मुदतीवर ठरलेत, पाटील," मुनीम म्हणाला.

"तुज्या शेठचा दिवाला निंगालाय. आता मुदत नाय. पैसं टाक, गवत उचल."

कापणीला आलेले डोंगरातले ठाकूर मजूर कोयते घेऊन तिथेच बसले होते.  मुनीमाने त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याला ओहोटी लागलेली पाहिली आणि होड्या फिरवल्या. वकिलांना मी हे नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगदी कायदेशीर. माल विकणाऱ्याच्याच ताब्यात असेल आणि घेणारा बुडाला, तर मुदत असली तरी पैसे मिळेपर्यंत अडवून धरता येतो." पाटलाने हे कलम जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला ते ऐकायची गरजही नव्हती. गवत त्याच्या खळ्यात होतं, एवढंच त्याला पुरे होतं. ठाकुरांची मजुरीही त्याने तोवर थांबवली नाही. घरच्या कणगीतलं भात मापून दिलं. मला म्हणाला, "त्यांनी काय शेठला गवत इकला नव्हता."

ठाण्याच्या वाघिणींचं शेवटी काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला मला आजही जड जातं. दिवाळखोरीच्या कचेरीची संमती आलीच नाही. नकारही आला नाही. डॅमरेज चढत गेलं. एक दिवस रेल्वेने आपली बाकी वसूल करण्यासाठी मालाचा लिलाव पुकारला. मी, पाटील आणि चाचा, तिघेही हजर होतो. ताडपत्र्या काढल्या तेव्हा कुबट वास आला. कडेचे गठ्ठे कुजले होते, मधले चांगले होते. आमच्याच गवतावर आम्ही बोली बोलायची की काय? चाचाने घोड्यांसाठी थोडी बोली लावली; भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने त्याच्यावर चढवली आणि सगळा माल तोच घेऊन गेला. डॅमरेज आणि लिलावाचा खर्च वजा जाऊन जे उरलं ते आमचं संमतिपत्र पाहून स्टेशनमास्तरांनी निम्मं निम्मं वाटायला मुंबईची परवानगी मिळवून दिली. एवढं मात्र त्यांनी मनापासून केलं. रक्कम हातात घेऊन पाटील म्हणाला, "ह्याच्यात तर नुसत्या दोऱ्या येतील."

पहिल्या मालाच्या हुंडीवर पुढे दिवाळखोरीच्या कोर्टातून रुपयामागे काही आणे मिळाले. तो माल शेठच्या वखारीत पोचला होता, तेव्हा त्यावर आमचा काहीच हक्क उरला नव्हता. बाकीच्या सावकारांच्या रांगेत आम्हीही. वडिलांनी मला कधी तोंडावर काही सुनावलं नाही, पण शाळेत जागा निघाली की ते मुद्दाम मला ऐकू जाईल असं आईजवळ बोलत. मी गेलो नाही. काहीसा हट्टाने, आणि काहीसा पाटलाकडे पाहून.

तिसरा माल, खळ्यातला, आम्ही शेठला रीतसर नोटीस देऊन चाचालाच विकला. नोटीस मी स्वतः लिहिली. पाटील म्हणाला, "कशाला? त्याला काय कलवायचा?" मी म्हणालो, "कायद्यात आहे." चाचा एकदम सगळे पैसे देऊ शकत नव्हता. आम्ही ठरवलं, एका गाडीभर गवताचे पैसे आणायचे आणि तेवढी एकच गाडी न्यायची. त्याचा टांगेवाला पुतण्या दर बाजारदिवशी पैसे घेऊन कोपरला येई, पाटलीणबाई त्याला जेवू घालत, आणि मग गाडी सुटे.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मी ठाण्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहात उभा होतो. मुंबईच्या गाडीतून शेठ उतरला. कोट नवा, पगडी नवी, मागे नोकर ट्रंक घेऊन. मी ऐकलं होतं की त्याने मेहुण्याच्या नावाने पुन्हा दुकान थाटलंय. त्याने मला ओळखलं. मला वाटलं, तोंड फिरवेल. तो सरळ माझ्याकडे आला, दोन्ही हात जोडले आणि आपुलकीने विचारलं, "काय मास्तर, यंदा गवत कसं आहे?"

माझ्या मनात इतके महिने साचलेलं सगळं एकदम वर आलं. स्टेशनमास्तर, हेडक्लार्क, चाचाचे उपाशी घोडे, कुजलेले गठ्ठे. पण काय बोलणार? कोर्टाने त्याला मोकळं केलं होतं. तो आता माझं काही देणं लागत नव्हता. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध एक कलमसुद्धा उरलं नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"वा! कळवा मग. आपला जुना संबंध आहे," असं म्हणून तो टांग्याच्या दिशेने गेला.

कोपरला गेल्यावर मी हे पाटलाला सांगितलं. तो दाबाच्या दांड्याला खांदा लावून गठ्ठा आवळत होता. त्याने दांडा आणखी एकदा दाबला. मग दांडा सोडून सरळ उभा राहिला.

"नि तुमी नुसता चांगला हाय बोललात?"

"दुसरं काय बोलणार होतो?"

त्याने खाडीकडे तोंड करून एक अशी शिवी दिली की दोऱ्या वळणाऱ्या बायका हसायला लागल्या. मग पुन्हा दांड्याला खांदा लावला. "धरा ती दोरी, मास्तर," तो म्हणाला, "सैल पडतेय."